उन्हाळ्यातील दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमणासाठी स्लीपिंग बॅग कशी निवडावी?

लांबवाट

येत्या उन्हाळ्यात काही आठवडे सलग चालण्याचे ठरवले आहे. मुक्काम रोज एकपदरी, हलक्या तंबूत असेल आणि सगळे सामान स्वतःच्याच पाठीवर असेल. वाटेचा बराचसा भाग मध्यम उंचीवरच्या जंगलांतून जातो आणि तिथे रात्री तापमान 12 ते 15 अंश सेल्सिअसच्या आसपास राहील. मधले काही टप्पे मात्र उंच खिंडींचे आहेत. तिथे पहाटे पारा एक-दोन अंशांपर्यंत उतरेल, क्वचित शून्यालाही टेकेल, हे गृहीत धरावे लागणार आहे.

सध्या माझ्याकडे एक जुनी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतूंचे भरण असलेली बॅग आहे. तिचे वजन दीड किलोच्या वर आहे आणि सॅकची जवळजवळ अर्धी जागा ती एकटीच खाते. तिच्या पिशवीवर ठळक अक्षरांत ‘उणे 5’ असे छापलेले असूनही सहा-सात अंशांच्या रात्री मला तिच्यात थंडी वाजते. मला मुळातच इतरांपेक्षा लवकर थंडी वाजते, आणि मी पाठीवर नव्हे तर कुशीवर झोपते, रात्रभर बऱ्याचदा कूस बदलत असते.

नवी बॅग घेताना डाउनची, म्हणजे पक्ष्यांच्या पिसांखालच्या मऊ तंतूंच्या भरणाची घ्यावी की सिंथेटिक, छापलेल्या आकड्यावर कितपत विसंबावे, आणि हल्ली ज्यांचे फार कौतुक ऐकू येते त्या क्विल्टचा विचार माझ्यासारखीने करावा का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. एक किलोच्या आत बसणारे काहीही चालेल, पण झोप पूर्ण झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचे असते.

मोजपट्टी

डाउन की सिंथेटिक हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी त्या ‘उणे 5’ कडे पाहू या, कारण निवडीतली बहुतेक फसगत तिथेच होते.

बॅगच्या उबेची चाचणी घेण्यासाठी युरोपात 2002 मध्ये ईएन 13537 हे मानक आले आणि पुढे त्याची जागा आयएसओ 23537 ने घेतली. या चाचणीत आतून तापवलेला, संवेदक बसवलेला पुतळा बॅगमध्ये ठेवून किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात आणि त्यावरून तापमानाचे तीन आकडे काढतात. पहिला ‘कम्फर्ट’, म्हणजे ज्या तापमानाला प्रमाण मानलेली स्त्री अंग सैल सोडून आरामात झोपू शकते ते. दुसरा ‘लिमिट’, म्हणजे ज्या तापमानाला प्रमाण मानलेला पुरुष अंगाचे मुटकुळे करून, न कुडकुडता कशीबशी रात्र काढू शकतो ते. तिसरा ‘एक्स्ट्रीम’, या तापमानाला सहा तास जीव तगून राहील, पण शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याची शक्यता असते. त्या तिसऱ्या आकड्याचा झोपेशी काहीही संबंध नाही आणि खरेदीच्या वेळी तो अस्तित्वातच नाही असे समजावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत यांपैकी कोणता आकडा छापायचा हे निर्माता ठरवतो, आणि जो आकडा सर्वांत खाली जातो तोच छापण्याचा मोह स्वाभाविक असतो. म्हणून तुमच्या बॅगच्या आतल्या बाजूला, बहुधा पायाकडच्या किंवा चेनच्या शिवणीत, एक छोटी पांढरी पट्टी शिवलेली असेल, ती आधी वाचा. तिच्यावर तिन्ही आकडे एका रेघेवर दाखवलेले असतात. मानकानुसार चाचणी झालेली नसेल, तर मात्र पिशवीवरच्या आकड्याला अंदाजापलीकडे किंमत देता येत नाही.

थंडी लवकर वाजणाऱ्या माणसाने, मग ती स्त्री असो वा पुरुष, कम्फर्टच्याच आकड्यावरून बॅग निवडावी. तुम्ही वर्णन केलेल्या वाटेसाठी कम्फर्ट शून्य ते 2 अंश असलेली बॅग पुरेशी व्हावी. त्याहून उबदार बॅग घेतल्यास उरलेल्या सगळ्या रात्री घामात जातील आणि वजनही विनाकारण वाढेल.

दुसरी गोष्ट मॅटची. चाचणीतला पुतळा उघड्या जमिनीवर झोपत नाही. त्याच्या अंगात लांब बाह्यांचे आतले कपडे असतात, पायांत मोजे असतात आणि खाली चांगली उबदार मॅट असते. तुमच्या खालची मॅट पातळ असेल तर पट्टीवरचा आकडा खरा असूनही तो तुमच्यापुरता खोटा ठरतो, कारण अंगाखाली दबलेले भरण निकामी होते आणि जमिनीची गारी अडवण्याचे काम मॅटलाच करावे लागते. मॅटच्या उष्णतारोधासाठी आर-व्हॅल्यू हा आकडा देतात. 2018 मध्ये एएसटीएम एफ3340 हे मानक आल्यापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅट्सची तुलना विश्वासाने करता येते. साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू साधारण 2 असते, आणि तुमच्या खिंडींसाठी मी 3 च्या वरचीच मॅट घेईन. दोन मॅट्स एकावर एक टाकल्यास त्यांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, ही सोय विसरू नये.

रानवारा

मोजपट्टी यांच्या आकड्यांशी माझे भांडण नाही, परंतु उन्हाळी लांब वाटेवर खरा प्रश्न सर्वांत थंड रात्रीचा नसून रात्रीरात्रींमधल्या फरकाचा असतो. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारख्या वाटेवर एकाच हंगामात दक्षिणेचे वाळवंट लागते आणि 4009 मीटर उंचीची फॉरेस्टर खिंडही लागते. तुमची वाट तेवढी टोकाची नसेल, पण 15 अंश आणि शून्य अंश अशा दोन्ही रात्री एकाच पांघरुणात काढायच्या आहेत. हे पांघरूण किती उबदार आहे याच्या जोडीला ते किती मोकळे करता येते, हेही तपासले पाहिजे.

क्विल्टचा जन्म याच विचारातून झाला. अंगाखाली दबलेले डाउन काहीच ऊब देत नसेल तर ते वागवायचे कशाला, म्हणून पाठीकडचा भाग, हूड आणि बरीचशी चेन काढून टाकतात. उरते ते एक पांघरूण, ज्याच्या पायाकडच्या भागाची पिशवी करता येते आणि कडा पट्ट्यांनी मॅटला बांधता येतात. साधारण सारख्या उबेची डाउनची बॅग 800-900 ग्रॅम भरते तिथे क्विल्ट 600 ग्रॅमच्या आसपास बसते. गरम रात्री पायाकडची दोरी सैल करून ती सपाट पसरली की झाली गोधडी.

कुशीवर झोपणाऱ्याबद्दल दोन्ही बाजू सांगतो. बॅगमध्ये कूस बदलली की एक तर बॅगही आपल्याबरोबर फिरते आणि हूड तोंडावर येते, किंवा गुडघे दुमडताना आतल्या आत अडकायला होते. क्विल्टमध्ये आपण फिरतो आणि पांघरूण जागेवर राहते. कुशीवर झोपणाऱ्या अनेकांना ती आवडते त्याचे हे कारण. उलट, क्विल्ट अरुंद असेल तर वर आलेल्या खांद्यामुळे पाठीमागची कड इंचभर उचलली जाते आणि तेवढ्या फटीतून थंड हवेचा झोत थेट कमरेवर येतो. 10 अंशांना त्याचे काही वाटत नाही, पण 2 अंशांना त्याच झोताने जाग येते. म्हणून रुंद मापाची क्विल्ट घ्यावी, वाचणारे 40-50 ग्रॅम पाहू नयेत, आणि मॅटच्या पट्ट्या घरी बांधून पाहिल्याशिवाय निघू नये. हूड नसल्यामुळे डोक्याला जाड कानटोपी लागते, तिचे वजनही हिशेबात धरावे.

एक सावधगिरी: क्विल्टवरचा आकडा बहुतेक वेळा निर्मात्याने स्वतःच्या अनुभवावरून ठरवलेला असतो आणि तो कम्फर्टपेक्षा लिमिटच्या जवळ जाणारा असतो. तुम्हाला कम्फर्ट शून्य हवे असेल तर ‘उणे 6’ किंवा ‘उणे 7’ म्हणून विकली जाणारी क्विल्ट पाहा.

दवबिंदू

वरच्या दोन्ही प्रतिसादांत डाउन गृहीतच धरलेले दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

डाउनची सगळी ऊब त्याच्या फुगवट्यात असते. पिसांखालच्या मऊ तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती स्थिर हवाच थंडी रोखते. ओल लागली की हे तंतू एकमेकांना चिकटतात, फुगवटा बसतो आणि शिवणीच्या कप्प्यांत गोळे होतात. एकपदरी तंबूत ही ओल पावसाशिवायही येते. तुमचा श्वास आणि अंगातून निघणारी वाफ रात्री तंबूच्या थंड कापडाला लागून पाणी होते, आणि बॅगचे पायाकडचे टोक तंबूच्या उतरत्या भिंतीला टेकले की ते पाणी कापड ओढून घेते. सकाळी बॅग चाचपून पाहिली तर छाती-पोटाकडे कोरडी आणि पायाकडे दमट लागते. एका रात्रीत विशेष फरक पडत नाही. सलग चार-पाच ढगाळ दिवस बॅग वाळवायला मिळाली नाही तर मात्र पाचव्या रात्रीची बॅग पहिल्या रात्रीची राहत नाही. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेले डाउन मिळते आणि त्याने हा परिणाम लांबतो, पण टळत नाही.

सिंथेटिक भरण दमट झाल्यावरही बराचसा फुगवटा टिकवते आणि लवकर वाळते. सतत धुके, रिपरिप आणि दहिवर असलेल्या वाटेवर मी आजही सिंथेटिकच सुचवेन. अर्थात ओली सिंथेटिक बॅगही अंगाला गारच लागते. ओल चालते म्हणून ती भिजवावी असा त्याचा अर्थ नव्हे. सारख्या उबेसाठी ती डाउनहून स्पष्टपणे जड आणि मोठी असते, आणि रोज दाबून भरल्याने तिचे तंतू हळूहळू मोडतात, त्यामुळे एका लांब हंगामानंतर ती पूर्वीइतकी उबदार उरत नाही. लांबवाट यांनी त्यांच्या वाटेवर पावसाचे प्रमाण काय आहे ते सांगितलेले नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा होता.

लांबवाट

तिघांचेही मनापासून आभार. मोजपट्टी यांनी सांगितलेली पट्टी पायाकडच्या शिवणीत सापडली. कम्फर्ट 11, लिमिट 7 आणि एक्स्ट्रीम उणे 5 असे आकडे आहेत. म्हणजे पिशवीवर एक्स्ट्रीमचाच आकडा छापला होता आणि मी आजवर तो झोपेचा आकडा समजत होते. शिवाय खाली मी जी मॅट वापरते ती जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची फोमची आहे.

दवबिंदू यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की वाट बहुतांशी कोरडी आहे. दुपारनंतर एखादी सर येते, पण दिवसाचे काही तास ऊन असतेच. ओढ्याकाठच्या मुक्कामांवर पहाटे दव भरपूर पडते असे मात्र ऐकून आहे. एवढ्यावरून माझा कल डाउनकडे झुकला आहे. आता पुढची अडचण म्हणजे एकाच कम्फर्टच्या दोन बॅगांपैकी एकीवर फिल पॉवर 650 आणि दुसरीवर 850 लिहिलेली दिसते. जास्त आकड्याची बॅग जास्त उबदार असते का? आणि माप कसे निवडावे?

मोजपट्टी

फिल पॉवर म्हणजे एक औंस, अर्थात सुमारे 28 ग्रॅम डाउन ठरावीक भाराखाली किती घनइंच जागा व्यापते, तो आकडा. यावरून डाउनची प्रत कळते. बॅगची ऊब कळण्यासाठी त्याला भरणाच्या वजनाची जोड द्यावी लागते. उदाहरणार्थ 800 फिल पॉवरचे 300 ग्रॅम डाउन आणि 600 फिल पॉवरचे 400 ग्रॅम डाउन, दोन्ही फुगून सारखीच जागा व्यापतात, ती म्हणजे सुमारे 139 लिटर. फरक पडतो तो 100 ग्रॅम वजनाचा आणि सॅकमधल्या जागेचा. त्यामुळे दोन बॅगांचे कम्फर्ट खरोखर एकच असेल तर दोन्ही सारख्याच उबदार आहेत. 850 वाली हलकी असेल आणि लहान गुंडाळेल, एवढेच. ज्या बॅगच्या माहितीत फिल पॉवर अभिमानाने लिहिलेली असते पण भरणाचे वजन कुठेच दिलेले नसते, तिच्याबद्दल मला नेहमी शंका येते.

रचनेबद्दलही थोडे. काही बॅगांमध्ये आतले आणि बाहेरचे कापड एकमेकांना थेट शिवलेले असते, आणि त्या शिवणीच्या रेघेवर भरण शून्य असते. दहा अंशांच्या पुढच्या रात्रींसाठी ही शिवण चालते आणि वजनही वाचते. शून्याजवळ मात्र दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून कप्पे केलेलीच बॅग हवी. हातात बॅग घेऊन ती उजेडासमोर धरली की शिवणीच्या रेघेतून उजेड आरपार येतो का, कप्प्याच्या कोपऱ्यांत डाउन पोहोचले आहे का, हे लगेच दिसते. चेनच्या आतून डाउनने भरलेली जाड पट्टी असावी, नाहीतर संपूर्ण चेन ही एक लांब फटच असते.

मापाचे म्हणाल तर, बॅग फार सैल असेल तर आतली रिकामी हवा तापवण्यात शरीराची उष्णता खर्च होते. फार घट्ट असेल तर खांदे आणि गुडघे भरण आतून दाबतात आणि नेमक्या त्याच जागी थंडी लागते. कुशीवर झोपणाऱ्याने गुडघे पोटाशी घेऊन, चेन लावून पाहावे. कापड कुठेही ताणले जाता कामा नये. लांबी आपल्या उंचीपेक्षा साधारण 15-20 सेंटिमीटर जास्त असली की पायांच्या बोटांनी टोक दाबले जात नाही.

क्विल्टबद्दल रानवारा यांनी लिहिलेले सगळे मान्य आहे, तरीही थंडी लवकर वाजणाऱ्या आणि वारंवार कूस बदलणाऱ्या व्यक्तीने पहिलीच डाउनची खरेदी म्हणून क्विल्ट घ्यावी असे मी म्हणणार नाही. पूर्ण लांबीची, दोन्ही टोकांकडून उघडणारी चेन असलेली बॅग गरम रात्री पूर्ण उघडून पांघरता येते आणि पायाकडून चेन उघडली तर पाय बाहेर काढता येतात. अर्धी चेन असलेल्या बॅगा 50-60 ग्रॅमने हलक्या असतात, पण 15 अंशांच्या रात्री त्यांत जीव उकडून जातो.

रानवारा

इथे आमचे एकमत होणार नाही. पूर्ण उघडलेली बॅग अंगावर घेतली की तिची हूड एका बाजूला लोंबत राहते आणि चेन अंगाखाली येते. तीच गोष्ट 250-300 ग्रॅम कमी वजनात आणि सुबकपणे मिळत असताना बॅग का वागवावी, हे मला पटत नाही. तरी ज्यांच्या डोक्याला रात्री थंडी वाजते त्यांना हूडचे सुख क्विल्ट देऊ शकत नाही, हे मान्य करतो.

मुक्कामाची जागा निवडण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण त्यातून फुकटात दोन-तीन अंश मिळतात. थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. ओढ्याकाठची सपाट, गवताळ जागा दिसायला सुंदर असते, पण पहाटे ती आसपासच्या उतारापेक्षा थंड आणि दमट असते. तळापासून थोडे वर, झाडांच्या छायेखाली तंबू लावला तर मोकळ्या आकाशाकडे होणारा उष्णतेचा ऱ्हास कमी होतो आणि दवही कमी पडते. हवामानाचा अंदाज पाहतानाही तो कोणत्या उंचीचा आहे ते पाहावे. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा खालच्या गावाचे 14 अंश दोन हजार मीटर वर गेल्यावर एका अंशावर येतात.

दवबिंदू

वाट कोरडी असेल तर डाउनला माझी हरकत नाही. फक्त ती कोरडी ठेवण्याची शिस्त लावून घ्या.

सकाळी निघताना बॅग दमट असली तरी भरावी लागते. मग दुपारच्या थांब्यावर ती आतली बाजू बाहेर काढून उन्हात पसरावी. बहुतेक बॅगांचे अस्तर गडद रंगाचे असते आणि ते लवकर तापते. अर्धा-पाऊण तास ऊन पुष्कळ होते. दिवसभर उन्हात टाकू नये, कारण पातळ नायलॉन अतिनील किरणांनी विरते. भरताना घडी न घालता पायाकडून मूठमूठ कोंबत जावे, आणि आवळून बांधण्याच्या पट्ट्यांची छोटी पिशवी वापरण्याऐवजी सॅकच्या तळाशी जलरोधक पिशवीत ती मोकळी भरावी. वरच्या सामानाच्या भाराने ती आपोआप बसते आणि सॅकमधल्या सांदीकोपऱ्यांतही जाते.

आत रेशमी लायनर वापरावे असे मी आवर्जून सुचवेन. साधारण 120 ते 150 ग्रॅमचे असते. त्याने पाच-सहा अंश ऊब वाढते वगैरे दावे मनावर घेऊ नका; एखाद-दुसरा अंश वाढला तरी पुष्कळ. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या माणसाच्या अंगाचा घाम आणि तेल अस्तरातून झिरपून डाउनपर्यंत पोहोचते, आणि तेलकट डाउन कोरडे असूनही फुगत नाही. लायनर वाटेत ओढ्यापासून दूर नेऊन दोन मिनिटांत धुता येते, बॅग धुता येत नाही. उकाड्याच्या रात्री नुसते लायनरही पुरते.

लांबवाट

लायनर यादीत घेतले. घरी परतल्यावर बॅग धुवावी की नुसती वाऱ्यावर टाकून ठेवून द्यावी? डाउन धुतल्याने खराब होते असे अनेकदा ऐकले आहे.

दवबिंदू

डाउन न धुतल्यानेच जास्त खराब होते. इतक्या आठवड्यांच्या वापरानंतर एकदा धुवावी, पण डाउनसाठीच्या खास साबणाने. नेहमीच्या डिटर्जंटमुळे पिसांतले नैसर्गिक तेल निघून जाते. ड्राय-क्लीनिंगला देऊ नये. पुढून उघडणारे, आत घुसळणारा दांडा नसलेले मोठे यंत्र असेल तर त्यात, नाहीतर टबमध्ये हाताने धुवावी. ओली बॅग उचलताना दोन्ही हात खालून घालून संपूर्ण उचलावी. एका टोकाने उचलली तर ओल्या डाउनच्या वजनाने आतल्या जाळीच्या पट्ट्या फाटतात. वाळवण्यासाठी ड्रायर मंद आचेवर, आत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकून, कित्येक तास चालवावा लागतो. बाहेरून कोरडी लागली तरी कप्प्यांत बोटांनी चाचपून पाहावे. लहानशी गुठळी जरी हाताला लागली तरी आत ओल आहे असे समजून पुन्हा फिरवावी. पूर्ण वाळल्यावर मोठ्या जाळीदार पिशवीत सैल ठेवावी किंवा कपाटात टांगावी.

मोजपट्टी

खरेदीचा क्रमही सांगून ठेवतो. तुमच्या जागी मी आधी मॅट बदलेन आणि 11 अंश कम्फर्टची ती जुनी बॅग नव्या मॅटवर एखाद्या 10-11 अंशांच्या रात्री, चाचणीतल्या पुतळ्यासारखेच लांब बाह्यांचे आतले कपडे आणि मोजे घालून वापरून पाहीन. त्या रात्री नीट झोप लागली तर तुमचे शरीर मानकातल्या कम्फर्टशी जुळते आणि 2 अंशांची नवी बॅग पुरेल. तरीही थंडी वाजली तर सरळ उणे 2 ते उणे 3 कम्फर्टची बॅग पाहावी. डाउनमध्ये तीही तुमच्या एक किलोच्या मर्यादेत बसते.

लांबवाट

हे फारच सोयीचे आहे, कारण मॅट तशीही घ्यायचीच होती. आर-व्हॅल्यू 3 च्या वरची हवा भरायची मॅट घेते आणि फोमची जुनी मॅट खिंडींच्या टप्प्यांपुरती तिच्याखाली टाकण्यासाठी बरोबर ठेवते. बॅगचा निर्णय त्या चाचणीच्या रात्रीनंतर घेईन आणि आकडे इथेच कळवीन. रानवारा, तुमची रुंद मापाची क्विल्ट नेमकी किती रुंद आहे, तेही लिहाल का?

रानवारा

खांद्यापाशी 147 सेंटिमीटर, पायाकडे 102. माझे खांदे रुंद आहेत. तुम्हाला खांद्यापाशी 135-140 पुरावी. पण कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, पाठीमागे हात फिरवून पाहा. कड मॅटला टेकलेली राहिली तरच माप बरोबर आहे.